भावकूची माती

टिळकवाडी, बेळगाव
१२ एप्रिल

मधू,

आशीर्वाद शेवटी लिहीन. वर लिहिले की तू ते ओलांडून पुढे जातेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर पहिलं वाक्य, "आप्पा, विषय बदलू नका." म्हणून पत्र. निपाणी इथून बसने दीड तास, आणि मी पोस्टात तिकिटं चिकटवतोय. खिडकीवरच्या बाईने पत्ता वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शेजारच्या घरी मनीऑर्डर पाठवतोय.

तुझा निरोप आईने दिला. शब्द न् शब्द दिला, असले निरोप पोचवताना तिची स्मरणशक्ती फार चांगली चालते. "लोखंड मातीत कुठून आलं ते आप्पांनी खरं सांगितल्याशिवाय श्रिया बेळगावात पाऊल ठेवणार नाही." बरं. गेल्या बेंदराला मी नातीकडून मातीचे बैल करून घेतले. माती मळताना तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात लोखंडाची कपची शिरली. पोर दोन दिवस काही बोललीच नाही, त्याला मी काय करणार? बोट पिकलं, ताप आला, ऑपरेशन झालं, आणि ते बोट आता पुरतं मिटत नाही. हे सगळं मला पाठ आहे. माती उचगावच्या भावकूने आणली होती, हे मी तेव्हाच दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगितलं. एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली आणि एकतीस वर्षं माती त्यानेच आणली. आणखी काय सांगायचं?

बेंदूर दहा-अकरा जूनला आहे. शाळा उघडल्या तरी दोन दिवस काढता येतील. विचार कर.

इथली एक गोष्ट सांगतो. नागेंद्र आठवतो का, माझा विद्यार्थी, नाकात बोट घालून चित्रं काढायचा तो? आता आमच्याच शाळेत उपक्रमप्रमुख आहे. बोट नाकातून निघालं आणि मोबाईलवर गेलं, एवढीच प्रगती. परवा घरी येऊन म्हणाला, "सर, सुट्टीत शिबिर घेतोय. कमी खर्चात, पर्यावरणाला धरून, मुलांना मजा येईल असं. तुम्ही मार्गदर्शक म्हणून पाहिजेच." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याने पिशवीतून एक खोका काढला. खोक्यात प्लास्टिकचा ट्रे, ट्रेमध्ये प्लास्टिकच्या सहा पुड्या, एका पुडीत मूठभर माती. मातीला स्ट्रॉबेरीचा वास! मी पुडी फोडून हुंगली आणि मला खरोखर मळमळलं. मातीला वास देणाऱ्या माणसाला पावसाळ्यात घराबाहेर उभं केलं पाहिजे. खोक्यावर हिरवं पान छापलंय, आणि कमी खर्चाच्या त्या मजेची किंमत एका मुलामागे चारशे रुपये.

आम्ही मुलांना काय द्यायचो? झावळीची पाती दिली की भिरभिरं व्हायचं. उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासली की पुंगी वाजायची. तुझ्या पुंगीने मालुबाई शेजारीण तीन दिवस भांडत होती. ज्वारीचा दाणा म्हणजे बैलाचा डोळा आणि खराट्याची काडी मोडली की शिंगं. कुणाच्या बापाचा खर्च झाला नाही.

मी शिबिराला हो म्हटलंय. शिव्या घालायला तरी आत असावं माणसाने.

आशीर्वाद.
आप्पा


टिळकवाडी
२८ एप्रिल

मधू,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "पहिल्या परिच्छेदातच विषय बदललात." एवढंच. सही पण नाही. मास्तरच्या पोटी मास्तरीणच जन्मली.

शिबिराचा पहिला आठवडा संपला. मला रोज घरी येऊन आंघोळ करावीशी वाटते. सोमवारी बियांचे गोळे केले. मुलांना आधी हातमोजे वाटले, एकदा घालून टाकायचे, प्लास्टिकचे. मातीला हात लागू नये म्हणून! पालक कडेने मोबाईल धरून उभे. एक बाई आपल्या मुलाला म्हणत होती, "हस की रं, माती लागलीया असं हस." त्या पोराच्या हाताला मातीचा कण नव्हता. गोळे मग कुठे टाकले? शाळेच्या मागे गटारात, कारण बस निघायची होती. मंगळवारी पानांवर चमकी लावून तोरणं केली. बुधवारी 'पाणी वाचवा' असं लिहिलेल्या फ्लेक्सखाली उभं राहून रंगपंचमीचे फुगे फोडले. शुक्रवारी मी शिपायाला विचारलं, कचरा किती निघाला? तो म्हणाला, "तीन पोती, मास्तर. पर्यावरण लई घाण करतंय बगा." ह्या शिबिरात मला पटलेलं ते एकच वाक्य.

एका लहानग्याने ती वासाची माती चाटली. त्याला मी दोष देत नाही.

आता पुढचं ऐक. मी नागेंद्रला म्हटलं, हा चिखल बंद कर, शेवटच्या दिवशी मुलांना बेंदराचे बैल करायला शिकवू, खऱ्या मातीचे. तो एकदम खूश. मग जरा अडखळला, म्हणाला, "सर, माती मात्र भावकूकाकांची नको. पालक ऐकणार नाहीत. त्यांच्या मातीत लोखंड निघालं होतं ना, तुमच्याच नातीला..."



तो बोलतच राहिला. म्हणे शाळेने गेल्या वर्षापासून भावकूकडून माती घेणं बंद केलंय. दुसऱ्या दोन शाळांनीही. उचगावात पोरं त्याला मागून 'लोखंड्या' म्हणतात. भावकू कधी पैसे घेत नसे, हे तुला माहीत आहे. तळ्याकाठची चिकणमाती काढून, चाळून, पोत्यात भरून सायकलवरून आणायचा, आणि मग वर्गाच्या दारात उकिडवा बसून मुलांचे बैल बघायचा. ह्याच्या बैलाला वशिंड न्हाय, त्याचा बैल गाभण दिसतोय, असं काहीबाही बोलून पोरांना हसवायचा. त्याला तेवढंच हवं असायचं. वर्षभर तो कुठल्याच शाळेत गेला नाही. आणि मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे मी कुणाला विचारलं नाही.

रात्री आई म्हणाली, "जेवत का नाही?" मी म्हटलं, त्या स्ट्रॉबेरीने पोट बिघडलंय.

आप्पा


टिळकवाडी
११ मे

मधू,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

माती भावकूची नव्हती.

गेल्या जूनमध्ये भाताची पेरणी चालली होती. भावकू म्हणाला, "मास्तर, चार दिस थांबा, मग आणतो." श्रिया दोनच दिवसांसाठी आली होती. मला चार दिवस थांबवेना. तिला मातीचे बैल मीच शिकवायचे, ह्याच बेंदराला शिकवायचे, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. उद्यमबागेच्या कारखान्यांकडे जाताना डावीकडे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे कुणीतरी रातोरात भराव टाकला होता. काळीभोर माती. मी मुठीत घेऊन दाबली, तर मुठीचा आकार जसाच्या तसा राहिला, बोटांच्या रेषासुद्धा उमटल्या. इतकी लोण्यासारखी माती मी आयुष्यात पाहिली नव्हती. पिशवी भरली आणि घरी घेऊन आलो.

ती माती नव्हती, मधू. फाउंड्रीत लोखंड ओतायला साचे करतात ती काळी वाळू होती, वापरून फेकलेली. आकार धरायलाच ती बनवलेली असते! बेळगावात राहून मला हे माहीत नव्हतं असं मी म्हटलं तर तू हसशील. माझ्या वर्गातली निम्मी पोरं फाउंड्रीत लागली. दर दिवाळीला त्यातलं कुणी ना कुणी पेढे घेऊन यायचं, आणि त्याच्या कपड्यांना जो वास यायचा, जळका, तेलकट, तोच वास त्या पिशवीला येत होता.

मला वास आला होता. हेच लिहायला तीन कागद फाडले. वास आला, आणि मी मनाशी म्हटलं, प्लॉटवर कुणी कचरा जाळला असेल. एकतीस वर्षं माती ओळखतो म्हणून मिरवणारा माणूस. पोरांना मातीत चुंबक फिरवायला लावून लोखंडाचे कण गोळा करायचा खेळ मी दर वर्षी घ्यायचो. ऑपरेशननंतर उरलेल्या पिशवीत मी चुंबक फिरवलं. वर आलं ते चुंबक दिसत नव्हतं, नुसती कुसळं. पिशवी नेऊन त्याच प्लॉटवर रिकामी केली आणि चुंबक विहिरीत टाकलं. तेव्हाच समजलं होतं. कळून अकरा महिने झाले.

दवाखान्यात जावईबापू श्रेयसरावांनी विचारलं, "माती कुठली?" त्यांचा आवाज चढलेला, तू रडत होतीस, आई माझ्याकडे बघत होती. तोंडातून गेलं, "भावकूनं आणली." विचार करून बोललो नाही, पण नंतर अकरा महिने विचार करून गप्प बसलो. संध्याकाळी भावकू श्रियाला बघायला आला, हातात शहाळं. श्रेयसरावांनी त्याला पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर झाडलं. तुमची अक्कल शेण खायला गेली होती का, पोरीचा हात घालवलात. मी शेजारी उभा होतो. भिंतीवर 'शांतता राखा' असं कन्नडमध्ये लिहिलेलं होतं, मी ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. भावकूने शहाळं बाकावर ठेवलं आणि निघून गेला.

नागेंद्रच्या शिबिरावर मी एवढं लिहिलं, थुंकल्यासारखं लिहिलं. त्याची माती निदान कुणाच्या हातात घुसत नाही.

श्रेयसरावांना हे वाचायला दे.

आप्पा


टिळकवाडी
२६ मे

मधू,

तुझं पत्र सगळ्यांत आधी आईने वाचलं. माझ्या नावावरचं पाकीट तिनेच फोडलं. वाचून तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त भाजी आणि गॅसच्या टाकीबद्दल बोलते.

तू दोन गोष्टी लिहिल्यास. पहिली, आधी भावकूकाकांना जाऊन सांगा. गेलो. शनिवारी सकाळच्या बसने. भावकू बांधावर होता, पावसाआधी बांध नीट करत होता. मला बघून खोरं खाली ठेवलं, पण "या" म्हणाला नाही. मीच म्हटलं, "भावकू, ती माती तुझी नव्हती. मी प्लॉटवरची उचलली होती."

"ठावं हाय की," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दवाखान्यातच कळलं. दारातनं बगितलं, पोरीच्या नकात काळं हुतं. माजी माती वाळली की राखाडी पडतीया, मास्तर. ती काळीच्या काळी हुती."

"मग तू बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमी शेजारीच उबा हुतासा की. मला वाटलं, तुमी बोलशीला."

मी हात जोडले. तो म्हणाला, "हात कशाला जोडतासा? मला ठावं हुतं त्येच मला सांगाय आलासा व्हय? ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी जाऊन सांगा." आणि खोरं उचललं. चहा दिला नाही. एकतीस वर्षांत त्याच्या शेतावरून मी चहा न घेता पहिल्यांदा परत आलो.

तिथून थेट नागेंद्रकडे गेलो. शिबिराचा समारोप चालला होता. पालकांसमोर मी चार वाक्यांत सगळं सांगितलं. ते फोटो काढायला आले होते, त्यांना काय करावं सुचेना. एकाने तरीही फोटो काढला. नागेंद्र म्हणाला, "सर, हे खासगीत सांगितलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, भावकूला खासगीत शिव्या दिल्या होत्या का? काल नागेंद्र स्वतः उचगावला जाऊन आला म्हणे. भावकूने त्याला माती दिली की नाही, ते मी विचारलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, "श्रियाला मी तुमचं पत्र दाखवलेलं नाही. फक्त विचारलं, यंदा बैल करायचे का? ती म्हणाली, मला माती नको देऊ, मी खडे नीट निवडत नाही. आप्पा, हे तिला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं.

कपची शिरली तेव्हा ती ओरडली. आई स्वयंपाकघरात होती. मी घाबरलो, तुझ्या आईला घाबरलो, तुला घाबरलो. वासाचं मनात होतंच. मी तिचं बोट पाण्याखाली धरलं, हळद दाबली आणि म्हटलं, "खडे नीट निवड म्हणून सांगितलं होतं ना? ऐकलं नाहीस, म्हणून टोचलं." ती रडायला लागली, तर म्हटलं, "आजीला सांगू नको, तुलाच ओरडेल." म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं ना, पोर काही बोललीच नाही. ती माझं ऐकत होती. रात्री हात उशाखाली दडवून झोपली होती, आणि मला वाटलं, चला, निभावलं.

डॉक्टर म्हणाले होते, त्याच दिवशी आणलं असतं तर बोट वाचलं असतं. ते ऐकताना मी तुमच्या सगळ्यांबरोबर मान हलवली.

मला स्वतःची शिसारी येते, हे लिहून तरी काय होणार? आरशात बघायचं टाळतो, दाढी अंदाजाने करतो, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलंय. त्याने श्रियाच्या डोक्यातलं निघणार नाही. ती नऊ वर्षांची होईल, मग पंधरा, मग तुझ्याएवढी, आणि हात बघेल तेव्हा तिला वाटत राहील की आपण खडे निवडले नव्हते. ते तुझ्या सांगण्याने जाणार नाही. मीच सांगायला हवं. सोबतचं पाकीट तिच्या नावाचं आहे. ते तू आधी वाच, योग्य वाटलं तर दे. न दिलंस तर मी पुन्हा लिहीन.

आप्पा


बेळगाव
२६ मे

प्रिय श्रिया,

मोठ्या अक्षरांत लिहितोय, म्हणजे तुला स्वतः वाचता येईल. अडलं तर आईला विचार, पण आधी स्वतः वाच.

गेल्या वर्षी आपण बैल केले, तेव्हा मी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, तू खडे नीट निवडले नाहीस म्हणून तुला टोचलं. दोन, आजीला सांगू नको, ती तुला ओरडेल. दोन्ही खोट्या होत्या.

तू खडे नीट निवडले होतेस. मी बघत होतो. एकेक चिमूट बोटांनी चाचपून तू खडे वाटीत टाकत होतीस, वाटी अर्धी भरली होती. तुझ्याएवढ्या कुठल्याच मुलाने माझ्या वर्गात इतक्या नीट माती निवडलेली नाही. पण त्या मातीत लोखंडाच्या बारीक कपच्या होत्या, त्या बोटांना कळणाऱ्या नव्हत्या. ती माती मी चुकीच्या जागेवरून आणली होती. तिला विचित्र वास येत होता. मला तो आला होता, तरी मी ती तुला दिली.

आजी तुला ओरडली नसती. ती मला ओरडली असती, म्हणून मी तुला गप्प बसायला सांगितलं. तू माझं ऐकलंस. ऐकणाऱ्या मुलीला मी तसं सांगायला नको होतं. तुझं बोट दुखत होतं तेव्हा मला कळत होतं आणि मी कुणालाही सांगितलं नाही.

भावकूआजोबांनी ती माती आणली, असंही मी सगळ्यांना सांगितलं होतं. तेही खोटं होतं.

तुझं बोट मिटत नाही, ते माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही. हे वाक्य हवं तर पुन्हा वाच.

मला माफ कर, असं मी तुला म्हणणार नाही. लहान मुलांना तसं म्हटलं की ती लगेच माफ करतात. तू घाई करू नकोस. तुला माझा राग आला तर येऊ दे. तो तुझ्याकडे ठेव, आणि हवा तितके दिवस ठेव. बेळगावला यायचं की नाही, ते तू ठरव. नाही आलीस तरी आजी तुला भेटायला निपाणीला येईल, आणि मी दारापर्यंत सुद्धा येणार नाही, जोवर तू बोलवत नाहीस.

आणि कुणी मोठा माणूस तुला कधी म्हणाला, "हे कुणाला सांगू नको," तर त्याच दिवशी आईला सांग. तो माणूस मी असलो तरी.

तुझा आजोबा,
शरद